न आलेले उत्तर

नोकरभरती हा माहितीच्या देवाणघेवाणीचा व्यवहार आहे. उमेदवार आपले शिक्षण, अनुभव, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड आणि कधी कधी आधार-पॅनसुद्धा कंपनीपुढे ठेवतो. बदल्यात कंपनीने त्याला चार गोष्टी सांगायच्या असतात: जागा नेमकी कोणती, निवड कशी होणार, ती केव्हापर्यंत होणार आणि शेवटी काय ठरले. यातली पहिली गोष्ट जाहिरातीत अर्धीमुर्धी येते. दुसरी विचारल्यावर कळते. तिसरी बहुधा आत कुणालाच ठाऊक नसते आणि चौथी निवडलेल्यालाच तेवढी सांगितली जाते. बाकीच्यांसाठी एक तयार वाक्य आहे: ‘आम्ही कळवतो.’

हे वाक्य मराठी घरांना नवे नाही. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात कांदेपोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या की मुलाकडची मंडळी उठता उठता हेच म्हणत. आठ-पंधरा दिवसांत निरोप आला नाही तर मुलीकडचे काय ते समजत. पण तिथे मध्यस्थ असे. त्याला गाठून विचारता येई आणि ‘पत्रिका जुळत नाही’ असे कुणाचाच मान न दुखावणारे उत्तर मिळे. नकार देण्याची ती एक रीत होती. भरतीच्या व्यवहारात अशी रीत नीट रुजलीच नाही. संपर्क मध्येच तोडून गप्प बसण्याला आता ‘घोस्टिंग’ म्हणतात. हा शब्द प्रेमप्रकरणांच्या बोलीतून आला आणि नोकरीच्या बाजारात कायमचा राहिला.

टपालापासून पोर्टलपर्यंत

भरतीतले मौन संगणकाने जन्माला घातलेले नाही. टपालाच्या काळात अर्ज टंकलिखित असे, सोबत गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती जोडाव्या लागत आणि मुलाखतीचे बोलावणे ‘कॉल लेटर’ म्हणून घरी येई. पत्र पाठवल्याचा पुरावा हवा असेल तर टपाल कार्यालयातून ‘अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग’चा शिक्का घेत, ही सोय २०११ मध्ये बंद झाली. मोठ्या कचेऱ्यांत नकाराचा छापील कागद, म्हणजे ‘रिग्रेट लेटर’, तयार असे. ज्यांना तो पाठवायचा नसे ते जाहिरातीतच लिहीत, की निवड न झालेल्या उमेदवारांशी पत्रव्यवहार केला जाणार नाही. उत्तर मिळणार नाही, एवढे तरी त्यातून आधी कळत असे.

सरकारची व्यवस्था सेवायोजन कार्यालयांतून चाले. तिथे नाव नोंदवायचे, मुदतीत कार्डाचे नूतनीकरण करायचे आणि ‘कॉल’ येण्याची वाट पाहायची. १९५९ च्या रिक्त पदे अधिसूचित करण्याच्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर, तसेच २५ किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांवर, रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवण्याचे बंधन घातले. जागा रिकामी आहे हे सरकारला कळवायचे होते. जागा भरली, हे अर्जदाराला कळवण्याबद्दल कायद्यात शब्द नव्हता.

१९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू झाले, २००३ मध्ये लिंक्डइन आले आणि अर्ज करण्याचा खर्च हळूहळू शून्यावर आला. पूर्वी कागद, टंकन, लिफाफा आणि तिकीट यांचा खर्चच अर्जांना चाळणी लावत असे. आता एका बोटाने वीस ठिकाणी अर्ज जातो. एका जागेसाठी शेकडो, नामवंत कंपनी असेल तर हजारो अर्ज येतात. ते साठवायला आणि चाळायला ‘ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम’ नावाची सॉफ्टवेअर प्रणाली आली. ती बायोडेटातले शब्द जाहिरातीतल्या शब्दांशी ताडून पाहते आणि अर्जांना क्रम लावते. अर्ज पोचल्याची पोचही तीच देते. त्या मेलच्या तळाशी ‘कृपया या पत्त्यावर उत्तर पाठवू नये’ अशी ओळ असते. संवादाची पहिलीच चिठ्ठी एकतर्फी असते.

कुठल्या टप्प्यावर काय बिघडते

पहिला टप्पा जाहिरातीचा. पगार ‘बाजारभावाप्रमाणे’ किंवा ‘उमेदवाराच्या योग्यतेनुसार’ असतो, कामाचे ठिकाण मोघम असते आणि शिफ्ट मुलाखतीत कळते. काही जाहिरातींमागे जागाच नसते. पुढे कधी गरज पडली तर हाताशी बायोडेटा असावेत म्हणून त्या दिलेल्या असतात. काही ठिकाणी आतला माणूस आधीच ठरलेला असतो आणि नियमाप्रमाणे जाहिरात देणे भाग असते म्हणून ती दिली जाते. बाहेरून अर्ज करणाऱ्याला हा फरक ओळखता येत नाही.

दुसरा टप्पा अर्ज आणि शॉर्टलिस्टचा. इथले मौन सर्वाधिक लोकांच्या वाट्याला येते, पण तुलनेने कमी बोचते. शंभर जणांपैकी नव्वद जणांना इथेच गाळले जाते, हे उमेदवारही जाणतो.

तिसरा टप्पा मुलाखतीचा, आणि खरे दुखणे तिथून सुरू होते. समजा, अहिल्यानगरचा एक उमेदवार साडेअकराच्या मुलाखतीसाठी पहाटेच्या एसटीने निघतो. पुण्यात वाकडेवाडीला उतरून हिंजवडीला पोचतो. गेटवर लॅपटॉपचा क्रमांक लिहून घेतात, छातीवर ‘व्हिजिटर’चा स्टिकर लागतो आणि तो रिसेप्शनच्या सोफ्यावर बसतो. पॅनल कॉलवर आहे असे सांगतात. पहिला टेक्निकल राउंड दीड वाजता होतो, मॅनेजरचा चार वाजता. शेवटी एचआर विचारते, ‘करंट सीटीसी किती? नोटीस किती? बायआउट होईल का?’ आणि उठता उठता म्हणते, ‘फीडबॅक पॉझिटिव्ह आहे. दोन-तीन दिवसांत कळवतो.’

चौथ्या दिवशी तो व्हॉट्सॲपवर विचारतो. टिका निळ्या होतात, उत्तर येत नाही. नवव्या दिवशी एक ओळ येते, की प्रोसेस सुरू आहे. विसाव्या दिवसापासून फोन उचलला जात नाही. महिन्याने तीच जाहिरात पोर्टलवर पुन्हा दिसते, त्याच पदाची आणि त्याच ठिकाणची. त्याला नाकारले, की जागाच रद्द होऊन पुन्हा निघाली, की कुणी निवडलेला माणूस रुजूच झाला नाही, हे त्याला आता कधीच कळणार नाही. मुलाखतीत काय चुकले याचा अंदाज तो एकट्याने बांधत राहतो आणि पुढच्या मुलाखतीत नेमके बरोबर असलेले काहीतरी बदलतो.

चौथा टप्पा ऑफर ते रुजू होणे यांच्यामधला. तोंडी ऑफर मिळते, कागद येत नाही. कागद येतो, पण तो ‘लेटर ऑफ इंटेंट’ असतो, ऑफर लेटर नव्हे. ऑफर लेटर येते, पण त्यात जॉइनिंगची तारीख नसते. २०२२ मध्ये कॅम्पसवरून निवडलेल्या हजारो नव्या पदवीधरांना याचा अनुभव आला. मागणी ओसरल्यावर अनेक आयटी कंपन्यांनी रुजू करून घेणे पुढे ढकलले आणि काहींची प्रतीक्षा दोन वर्षांपर्यंत लांबली. पुण्यातील नॅसंट इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी एम्प्लॉईज सेनेट या संघटनेने याबाबत केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रारी केल्या. धंदा मंदावला तर भरती लांबते, हे मुलांना समजत होते. दर महिन्याला ‘लवकरच कळवू’ असे सांगितले गेल्याने दुसरी नोकरी धरावी की थांबावे, हे मात्र त्यांना ठरवता येत नव्हते.

गप्प का बसतात

याला उद्धटपणा म्हणणे सोपे आहे, पण बहुतेक वेळा कारण दुसरेच असते. वाईट बातमी सांगायला माणूस मुळातच टाळाटाळ करतो. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये प्रयोगांतून ही प्रवृत्ती दाखवली आणि तिला ‘मम इफेक्ट’ असे नाव दिले. बातमीशी सांगणाऱ्याचा काही संबंध नसला, तरी चांगली बातमी पटकन पोचते आणि वाईट अडकते. फोनवर तीन वेळा हसून बोललेल्या उमेदवाराला ‘नाही’ सांगणे एचआरमधल्या पंचविशीच्या मुलीला अवघड जाते. ती उद्यावर ढकलते, आणि आठवडा उलटल्यावर उशिराची लाज वाटून ते आणखी अवघड होते.

दुसरे कारण हिशेबी आहे. कंपनीने पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर दिलेली असते, पण तो रुजू होईलच असा भरवसा नसतो. म्हणून दुसऱ्याला आणि तिसऱ्याला ‘होल्डवर’ ठेवतात. त्यांना नकार कळवला तर ते हातचे जातात आणि खरे सांगितले तर त्यांचा मान दुखावतो. मग काहीच न सांगणे सोयीचे ठरते. पहिला उमेदवार तीन महिन्यांचा नोटीस पिरियड संपवत असेल, तर दुसऱ्याचे टांगणीला लागणेही तेवढेच लांबते.

तिसरे कारण कामाच्या वाटणीत आहे. माणूस हवा असतो एका खात्याला, त्याला शोधते दुसरे खाते, पगाराला मंजुरी देते तिसरे. मधे बजेट गोठते, मॅनेजर बदलतो, जागा दुसऱ्या शहरात हलते. रिक्रूटरचे मोजमाप भरलेल्या जागांवर होते. किती जणांना वेळेवर नकार कळवला, हा रकाना त्याच्या अहवालात नसतो. कन्सल्टन्सीमार्फत भरती असेल तर आणखी एक दुवा वाढतो. कन्सल्टंटला पैसे उमेदवार रुजू झाल्यावर मिळतात, त्यामुळे नाकारलेल्या उमेदवारावर घालवलेले प्रत्येक मिनिट त्याच्या दृष्टीने तोट्यात असते.

चौथे कारण भीतीचे. नकाराचे कारण लेखी दिले तर उमेदवार वाद घालेल, भेदभावाचा आरोप करेल, समाजमाध्यमावर टाकेल असे कंपनीला वाटते. पण नकार कळवणे आणि नकाराचे कारण देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीच्या भीतीपोटी पहिलीही टाळली जाते.

याची किंमत

उमेदवाराच्या बाजूने पहिला तोटा वेळेचा. भारतीय आयटी क्षेत्रात ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास आहे. हातात लेखी ऑफर असल्याखेरीज राजीनामा देता येत नाही आणि राजीनामा दिल्याखेरीज रुजू होण्याची तारीख सांगता येत नाही. अशा वेळी दुसऱ्या कंपनीने तीन दिवसांत उत्तर मागितले, तर पहिल्या कंपनीच्या मौनाचा अर्थ लावण्याखेरीज उमेदवाराच्या हाती काही नसते. त्याने वाट पाहिली तर हातातली ऑफर जाते. तिचा स्वीकार केला आणि नंतर पहिलीकडून होकार आला, तर शब्द मोडल्याचा ठपका त्याच्यावर येतो.

दुसरा तोटा मनाचा. संघटना-मानसशास्त्रज्ञ स्टीफन गिलिलँड यांनी १९९३ मध्ये निवड प्रक्रिया उमेदवाराला न्याय्य केव्हा वाटते याचे दहा निकष मांडले. चाचणीचा कामाशी संबंध असणे आणि सर्वांना सारखी वागणूक मिळणे हे त्यांत होतेच. पण प्रक्रियेची आगाऊ माहिती, खरेपणा, दोन्ही बाजूंनी बोलण्याची संधी आणि वेळेवर अभिप्राय हेही त्यांत होते. म्हणजे निम्म्याच्या आसपास निकष थेट संवादाचे आहेत. नकार मिळालेला माणूसही ‘प्रक्रिया नीट झाली’ असे म्हणू शकतो, ते या निकषांमुळे. उत्तरच न मिळालेल्याला तसे म्हणायला जागा राहत नाही. घरी रोज संध्याकाळी ‘काही कळलं का रे?’ हा प्रश्न येतो, आणि नकारालाही जी एक पूर्णविरामाची सोय असते तीसुद्धा त्याच्याजवळ नसते.

कंपनीचा तोटा उशिरा दिसतो. ब्रिटनमधील व्हर्जिन मीडिया या कंपनीने आपल्या नाकारलेल्या उमेदवारांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांतले बरेच जण तिचे ग्राहकही असल्याचे दिसले. भरतीतील वाईट अनुभवानंतर त्यांनी जोडण्या बंद केल्याने वर्षाला सुमारे ४४ लाख पाउंडांचा फटका बसत असल्याचा निष्कर्ष तिने काढला आणि भरतीची पद्धत बदलली. प्रत्येक कंपनीचे ग्राहक आणि उमेदवार असे एक नसतात. पण एकाच कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा एकाच गावातून पुण्याला आलेल्या मुलांच्या खोलीत कंपनीचे नाव कसे निघते, हे मात्र प्रत्येकीला लागू आहे.

मौन दोन्ही बाजूंना शिकवले जाते. आता उमेदवारही ऑफर स्वीकारतात, ती दाखवून दुसरीकडे जास्त पगार मागतात आणि रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद ठेवतात. याला एचआरच्या भाषेत ‘ऑफर शॉपिंग’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणून कंपन्या एका जागेसाठी अधिक जणांना होल्डवर ठेवतात. त्यामुळे मौन आणखी वाढते, आणि ते वाढल्यामुळे उमेदवारही अधिक ऑफर गोळा करतो. हे चक्र कुणी सुरू केले, हा प्रश्न आता निरर्थक आहे.

आणखी एक परिणाम गुन्हेगारीचा. खरी कंपनी बोलत नाही, तेव्हा तिच्या नावाने बोलणारा भामटा विश्वासार्ह वाटू लागतो. बनावट लेटरहेडवर ऑफर येते, ‘रिफंडेबल’ नोंदणी शुल्क किंवा प्रशिक्षणाची अनामत मागितली जाते. पडताळायला कंपनीच्या पत्त्यावर मेल केला तर उत्तर येत नाही, कारण तिथे उत्तर देण्याची पद्धतच नसते.

सरकारी भरतीतले मौन

सरकारी भरतीत कागदांची वाण नसते. जाहिरात, प्रवेशपत्र, उत्तरतालिका, हरकती, गुणवत्ता यादी, प्रतीक्षा यादी हे सारे प्रसिद्ध होते. आयोग आणि मंडळे नकार लपवत नाहीत. यादीत नाव नाही म्हणजे नाही. इथे जे मिळत नाही ते म्हणजे तारीख.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची २०१९ ची राज्यसेवा परीक्षा हे त्याचे ठळक उदाहरण. अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागला आणि ४०० हून अधिक उमेदवारांच्या शिफारशी झाल्या. ९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली आणि नियुक्त्या अडकल्या. उपजिल्हाधिकारी, तहसीलदार म्हणून निवडलेली मुले घरी बसून होती. गावात सत्कार होऊन गेला होता. २०२१ मध्ये आयोगावरील सदस्यांची पदे रिकामी असल्यानेही मुलाखती तुंबल्या आणि त्यावरून विधिमंडळात गदारोळ झाला. उशिराला न्यायालयीन कारण होते, प्रशासकीयही होते. पण त्या महिन्यांत उमेदवाराला नेमके काय अडले आहे आणि पुढचा निर्णय कोण घेणार, हे बातम्यांतून आणि क्लासच्या टेलिग्राम चॅनलवरून गोळा करावे लागे.

इथे शिफारस करणारा आयोग वेगळा असतो आणि नियुक्ती देणारा विभाग वेगळा. आयोगाचे काम शिफारशीपाशी संपते. मग वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी आणि आदेश विभागाकडून येतात. या दोन टेबलांच्या मधल्या जागेत उमेदवाराला उत्तर देणारा कुणी नसतो.

चांगली उदाहरणेही याच क्षेत्रात आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षाचे परीक्षा वेळापत्रक आधी जाहीर करतो. मुलाखतीपर्यंत पोचून अंतिम यादीत न आलेल्या उमेदवारांची माहिती, त्यांची संमती असल्यास, इतर नोकरी देणाऱ्यांना उपलब्ध करून देण्याची योजनाही तो चालवतो. ती आता ‘प्रतिभा सेतू’ या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्राच्या आयोगाने ‘भरती प्रक्रियेतून बाहेर पडण्याचा पर्याय’ आणला. ज्याला पद नको आहे त्याने तसे वेळेत कळवायचे, म्हणजे मागच्याला संधी मिळते. उमेदवाराने आपला नकार कळवावा यासाठी सरकारने रीतसर खिडकी ठेवली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कायदा काय म्हणतो

भारतात खासगी कंपनीने नाकारलेल्या उमेदवाराला उत्तर दिलेच पाहिजे, असा कायदा नाही. कामगार कायदे कामगारासाठी आहेत आणि उमेदवार अजून कामगार झालेला नसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक केले. नाकारलेल्या उमेदवाराला उत्तर देण्याबद्दल मात्र त्यांत तरतूद नाही.

उमेदवाराला खरा आधार मिळतो तो १८७२ च्या भारतीय करार कायद्याचा. जाहिरात ही या कायद्याच्या दृष्टीने ‘प्रस्ताव’ नसते, प्रस्ताव मागवणारे निमंत्रण असते. ऑफर लेटर हा मात्र सामान्यतः प्रस्ताव असतो. कलम ४ प्रमाणे, स्वीकाराचे पत्र स्वीकारणाऱ्याच्या हातून सुटून वाटेला लागले की प्रस्ताव देणारा बांधला जातो. ज्याने स्वीकारले तो बांधला जातो ते पत्र समोरच्याला कळल्यावर. कलम ५ प्रमाणे प्रस्ताव मागे घ्यायचा तर स्वीकाराचे पत्र वाटेला लागण्याआधी घ्यावा लागतो. टपालाच्या काळात आखलेली ही चौकट ईमेलच्या व्यवहारांनाही आधार देते. म्हणून लेखी ऑफर लेखी स्वीकारणे महत्त्वाचे. त्यानंतर कंपनीने शब्द फिरवला तर नुकसानभरपाई मागता येते. नोकरीच द्या, असा हुकूम मिळणे कठीण, कारण व्यक्तिगत गुणांवर अवलंबून असलेले करार न्यायालये जबरदस्तीने पाळायला लावत नाहीत. शिवाय बहुतेक ऑफर लेटरांत पार्श्वभूमी पडताळणीची अट आणि ऑफर मागे घेण्याचे कलम आधीच घातलेले असते.

सरकारी नोकरीत संविधानाचे अनुच्छेद १४ आणि १६ लागू होतात. शंकरसन दाश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले, की निवड यादीत नाव आले म्हणून नियुक्तीचा अबाधित हक्क मिळत नाही. पण जागा न भरण्याचा निर्णय सरकारला मनमानीनेही घेता येत नाही. माहिती अधिकार कायद्याखाली ३० दिवसांत उत्तर मागता येते, आणि आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क २०११ मध्ये मान्य झाला. नागरी सेवा परीक्षेबाबत मात्र २०१८ मध्ये न्यायालयाने असा सरसकट हक्क नाकारला. खासगी कंपनीला माहिती अधिकार लागू नाही.

इतर देशांत

दक्षिण कोरियाने २०१४ मध्ये भरती प्रक्रियेच्या न्याय्यतेसाठी स्वतंत्र कायदाच केला. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू आहे. भरतीचे वेळापत्रक उमेदवाराला सांगावे लागते, निवड ठरल्यावर निवड झाली की नाही हे विनाविलंब कळवावे लागते आणि नाकारलेल्या उमेदवाराने मागितल्यास त्याची कागदपत्रे परत करावी लागतात.

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, मुलाखत घेतलेल्या उमेदवाराला मुलाखतीनंतर ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही हे सांगणे बंधनकारक झाले. जाहिरातीत, जागा आज खरोखर रिकामी आहे की नाही आणि चाळणीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली जाते का, हेही लिहावे लागते. न्यूयॉर्क शहरात निवडीसाठी स्वयंचलित साधन वापरायचे तर उमेदवाराला किमान दहा कामकाजाचे दिवस आधी कळवावे लागते. २०२३ च्या जुलैपासून त्याची अंमलबजावणी सुरू आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या पगार पारदर्शकता निर्देशात पगाराची माहिती आधी देण्याची आणि उमेदवाराला जुना पगार न विचारण्याची तरतूद आहे.

जपानची गोष्ट कायद्यापेक्षा रिवाजाची आहे. तिथे नकाराच्या पत्राचा शेवट ‘आपल्या पुढील यशासाठी प्रार्थना’ अशा वाक्याने होतो. म्हणून विद्यार्थी त्याला ‘ओइनोरी’, म्हणजे प्रार्थनेचा मेल, म्हणतात. जो मेल येतच नाही, त्याला ते ‘मूक ओइनोरी’ म्हणतात. ऑफरच्या बाबतीत मात्र तिथला कायदा कडक आहे. नोकरीचे निश्चित आश्वासन हा एक प्रकारे झालेला करारच असतो आणि सबळ कारणाशिवाय तो मागे घेता येत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच ठरवले.

नीट कळवणे म्हणजे काय

या साऱ्या नियमांतून एकच सूत्र निघते. उमेदवाराला प्रत्येक टप्प्यावर पुढची तारीख आणि विचारायचे नाव मिळाले पाहिजे. अर्जाच्या टप्प्यावर यंत्राने पाठवलेला नकार पुरतो. मुलाखत दिलेल्याला नकार माणसाच्या नावाने जावा. होल्डवर ठेवलेल्याला तसे सांगावे, म्हणजे दुसरी ऑफर घ्यायची की नाही हे त्याला ठरवता येते. तारीख चुकणार असेल तर ती उलटण्याआधी नवी तारीख द्यावी. ज्या सॉफ्टवेअरने हजार अर्ज गाळले, त्यालाच हजार नकार पाठवता येतात. त्यासाठी ते काम कुणाच्या तरी नावावर लिहिलेले असावे लागते.

मुलाखतीनंतरचा नकार लांबलचक असण्याची गरज नाही. असे पाच वाक्यांचे पत्र पुरते: ‘आपण १२ तारखेला मुलाखत दिलेल्या पदासाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. या कामासाठी क्लाउडवरील प्रत्यक्ष अनुभव आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटला. आपला अर्ज सहा महिने आमच्याकडे राहील. तो काढून टाकायचा असल्यास याच मेलला उत्तर द्यावे. आपण वेळ काढून आलात, याबद्दल आभार.’ पहिल्या वाक्याने प्रश्न मिटतो. दुसऱ्यात कारण आहे, पण ते कामाबद्दल आहे, माणसाबद्दल नाही, त्यामुळे वादाला जागा कमी राहते. तिसऱ्यात उमेदवाराची माहिती कुठे आणि किती काळ राहणार ते सांगितले आहे, आणि चौथ्यात उत्तर देता येईल असा पत्ता आहे. आभार शेवटी आहेत, कारण सुरुवातीला आले असते तर वाचणाऱ्याने तिथेच काय ते ओळखले असते.

उमेदवाराच्या हातात थोडे असते, पण अगदीच काही नसते असे नाही. मुलाखत संपताना ‘निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल आणि त्यानंतर कुणाला विचारायचे?’ हा प्रश्न विचारता येतो, आणि त्याच संध्याकाळी ते उत्तर मेलवर नोंदवून ठेवता येते. दिलेली तारीख उलटल्यावर दोन दिवसांनी एक मेल पाठवावा, आठवड्याने दुसरा. तिसऱ्याची गरज पडली तर ती जागा गेली असे धरून पुढे जावे. तारखेसह लेखी ऑफर हाती आल्याखेरीज राजीनामा देऊ नये. आणि ऑफर नको असेल तर तसे त्याच दिवशी कळवावे, कारण रांगेत मागे उभा असलेला कुणीतरी त्या एका मेलची वाट पाहत असतो.